आधी टायर, मग ऑल व्हील ड्राइव्ह: बर्फातल्या गाडीची तयारी

बर्फाळ मुलखात पहिली गाडी घेणारा माणूस शोरूममध्ये हमखास विचारतो, "ऑल व्हील ड्राइव्ह आहे ना?" एडब्ल्यूडी, म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना देणारी ही ऑल व्हील ड्राइव्ह, घेतली की हिवाळ्याची काळजी मिटली, हा समज न्यू जर्सीपासून टोरांटोपर्यंत पक्का रुजलेला आहे. तो खोडून काढायची विक्रेत्यालाही घाई नसते, कारण त्या पर्यायाचे वर पैसे मिळतात. आमचं मत सरळ आहे. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर चार स्नो टायर घ्या. दोन्ही परवडत असेल तर उत्तमच. एडब्ल्यूडी आहे आणि टायर मात्र कंपनीतून आलेले ऑल सीझन (बारमाही), ही जोडी फसवी आहे: गाडी झोकात निघते, त्यामुळे रस्ता किती निसरडा आहे हे कळतं ते थेट ब्रेक दाबल्यावर.

थोडं गणित करून पाहू. ब्रेक लागल्यापासून गाडी थांबेपर्यंतचं अंतर वेगाच्या वर्गावर (वेग गुणिले वेग) आणि टायरच्या पकडीवर ठरतं. ताशी ५० किमी वेगात कोरड्या डांबरावर (घर्षणांक, म्हणजे पकडीचं माप, ०.८ धरला तर) गाडी साधारण १२ मीटरमध्ये थांबते. चेपून घट्ट झालेल्या बर्फावर घर्षणांक ०.२ असेल तर तेच अंतर ४९ मीटर होतं आणि चांगल्या टायरने तो ०.३ वर नेला तर ३३ मीटर. काचेसारख्या बर्फावर ०.१ धरला तर ९८ मीटर. पायाला ब्रेकपर्यंत जायला लागणाऱ्या दीड सेकंदाचे २१ मीटर ह्यात धरलेले नाहीत, ते वेगळे मिळवायचे. ह्या हिशेबात इंजिनाची ताकद किती चाकांना जाते हा आकडा कुठेच येत नाही. ब्रेक प्रत्येक गाडीच्या चारही चाकांना असतात. थांबताना सगळ्याच गाड्या 'ऑल व्हील' असतात. वळणाचंही तेच.

एडब्ल्यूडीचा खरा उपयोग निघताना आणि चढताना होतो. चढावरचा ड्राइव्हवे, रात्रभर पडलेल्या बर्फात अडकलेलं पार्किंग, सिग्नलला चढावर थांबून पुन्हा निघणं, अशा ठिकाणी ताकद चार चाकांत वाटली गेल्याने चाक सहसा जागच्या जागी फिरत बसत नाही. घर टेकडीवर असेल, पहाटे रस्त्यावरचा बर्फ हटवणारा नांगर (स्नो प्लाउ) फिरायच्या आधी निघावं लागत असेल, तर एडब्ल्यूडीचे पैसे वसूल आहेत. सपाट गावात, बर्फ वितळवायला मीठ टाकलेल्या रस्त्यांवर, चार स्नो टायर लावलेली साधी फ्रंट व्हील ड्राइव्ह (फक्त पुढच्या चाकांना ताकद देणारी) सिव्हिक किंवा कोरोला हिवाळा सहज काढते.

एडब्ल्यूडीचेही प्रकार आहेत. सुबारूची बहुतेक मॉडेलं चारही चाकांना कायम ताकद देतात. होंडा सीआर-व्हीसारख्या गाड्या एरवी पुढच्या चाकांवर चालतात आणि गरजेनुसार मागच्या चाकांकडे ताकद वळवतात. टोयोटा रॅव्ह फोर हायब्रिडमध्ये मागच्या चाकांना वेगळी विजेची मोटर असते. पिकअप ट्रकमधली पार्ट टाइम फोर व्हील ड्राइव्ह ही निराळीच गोष्ट: त्यात पुढचा आणि मागचा आस एकमेकांना जखडले जातात. वळताना पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. बर्फावर चाक थोडं घसरून तो फरक भरून काढतं. कोरड्या डांबरावर ते शक्य नसल्याने सगळा ताण गिअर आणि शाफ्टवर येतो. म्हणून ती फक्त निसरड्या रस्त्यावरच चालू करायची.

टायरमध्ये नेमकं काय वेगळं असतं

मराठीत स्नो आणि आइस दोन्हींना आपण बर्फच म्हणतो, पण टायरच्या दृष्टीने हे दोन पूर्ण वेगळे पदार्थ आहेत. गोळेवाल्याची गाडी आठवा. किसलेला बर्फ मुठीत दाबला की गोळा होतो, स्वतःलाच धरून ठेवतो. टायरच्या रुंद खाचा नेमकं हेच करतात: भुसभुशीत स्नो खाचांत चेपून घेतात आणि खाचेतला बर्फ रस्त्यावरच्या बर्फाला धरतो. आता त्याची लादी घ्या. नुकतीच पाघळायला लागलेली लादी हातातून निसटते, पण फ्रीजरमधून आत्ता काढलेला कोरडा खडा बोटाला चिकटतो. रस्त्यावरही तसंच. उणे वीसच्या कोरड्या आइसपेक्षा शून्याच्या आसपासचा ओला आइस जास्त घातक, कारण त्यावर पाण्याचा पातळ थर असतो. स्नो टायरच्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने चिरल्यासारख्या शेकडो बारीक चिरा असतात; त्या हा थर कापतात आणि त्यांच्या कडा खालच्या आइसला पकडतात.

तिसरी गोष्ट रबर. साधारण ७ अंश सेल्सियसखाली उन्हाळी टायरचं रबर कडक व्हायला लागतं आणि ऑल सीझनचंही थंडी वाढेल तसं होतं. स्नो टायरच्या मिश्रणात सिलिका भरपूर असते आणि ते उणे तीसलाही मऊ राहतं. म्हणून मुहूर्त पहिल्या बर्फाचा धरायचा नाही, सकाळच्या तापमानाचा धरायचा. आठवडाभर सकाळी ७ अंशांच्या खाली पारा राहिला की टायर बदलायचे. जर्मनीत ह्यासाठी 'ओ ते ओ' असं सूत्र आहे: ऑक्टोबर ते ओस्टर्न, म्हणजे ईस्टर. पहिल्या बर्फाची वाट पाहणाऱ्यांना दुकानात दोन-तीन आठवड्यांनंतरची वेळ मिळते, हा दरवर्षीचा अनुभव आहे.

टायरच्या कडेवरचं चिन्ह वाचा

टायरच्या कडेवर 'एम' आणि 'एस' ही अक्षरं, म्हणजे चिखल आणि स्नो, असली म्हणून भुलू नका. ती खाचांच्या आकारावरून मिळतात, त्यासाठी बर्फावर चाचणी लागत नाही. बघायचं ते तीन शिखरांच्या डोंगरात कोरलेला हिमकण. हे चिन्ह १९९९ साली अमेरिका आणि कॅनडाच्या रबर उद्योगाने आणलं. ते मिळवायला ठरावीक घनतेच्या चेपलेल्या बर्फावर टायरला प्रमाण टायरपेक्षा किमान १० टक्के जास्त ओढ दाखवावी लागते. गंमत अशी की ही चाचणीसुद्धा सरळ रेषेत वेग घेण्याची आहे. आइसवरच्या ब्रेकबद्दल ती काही सांगत नाही. म्हणून चिन्ह ही किमान पात्रता समजा, गुणपत्रिका नव्हे.

बाजारात साधारण चार पर्याय दिसतात. ऑल सीझन हे नाव दिशाभूल करणारं आहे. फ्लोरिडा-टेक्ससच्या हिवाळ्याला ते पुरतात, मिनेसोटाच्या नाही. ऑल वेदर हा वेगळा प्रकार: डोंगर-हिमकणाचं चिन्ह असतं आणि वर्षभर लावून ठेवता येतात. मिशलिन क्रॉसक्लायमेट २, टोयो सेल्सियस २ ही त्यातली नावं. वर्षातून दहा-बारा दिवस बर्फ पडणाऱ्या गावात, रस्ते लगेच साफ होत असतील आणि जादा चार चाकं ठेवायला अपार्टमेंटमध्ये जागा नसेल, तर हाच शहाणपणाचा पर्याय आहे. तिसरा खरा स्नो टायर, खिळ्यांशिवायचा: मिशलिन एक्स-आइस स्नो, ब्रिजस्टोन ब्लिझॅक, नोकियन हाकापेलीटा आर५. ह्यातली नोकियन फिनलंडची. जगातला पहिला हिवाळी टायर १९३४ साली तिथेच बनला, तोही ट्रकसाठी. चौथा खिळ्यांचा. टंगस्टन कार्बाइडचे हे खिळे ओल्या आइसवर सर्वांत चांगले चालतात, पण कोरड्या रस्त्यावर घरघरतात आणि डांबर खरवडतात. मिनेसोटात तिथल्या रहिवाशांना आणि जर्मनीत जवळपास सगळीकडे ते बंद आहेत. कॅनडातल्या ओंटारियोत फक्त उत्तरेकडच्या रहिवाशांना मुभा आहे. शहरात राहणाऱ्याला त्यांची गरज क्वचितच पडते.

माप, रिम आणि खरेदी

ड्रायव्हरचं दार उघडा. चौकटीवर चिकटवलेल्या पट्टीवर टायरचं माप आणि हवेचा दाब असतो. समजा माप आहे २३५/६०आर१८. म्हणजे रुंदी २३५ मिलिमीटर, कडेची उंची रुंदीच्या ६० टक्के आणि रिम १८ इंची. हिवाळ्यासाठी रिम एक इंच लहान आणि टायरची कड तेवढी उंच घेणं बहुतेक वेळा फायद्याचं. १७ इंची टायर स्वस्त पडतो आणि बर्फाखाली दडलेल्या खड्ड्यात उंच कड रिमला वाचवते. फक्त एकूण व्यास बदलता कामा नये. १८ इंची चाकाचा व्यास ४५७.२ अधिक दोन वेळा १४१, म्हणजे ७३९.२ मिलिमीटर. २३५/६५आर१७ चा ४३१.८ अधिक दोन वेळा १५२.७५, म्हणजे ७३७.३. फरक पाव टक्का, स्पीडोमीटरला तो कळणारही नाही. फरक ३ टक्क्यांवर गेला तर ते माप सोडून द्या. आणि लहान रिम ब्रेकच्या कॅलिपरला (चाकाच्या आतल्या ब्रेकच्या चिमट्याला) घासत नाही ना, हे दुकानात गाडीचं मॉडेल सांगून आधी खात्री करून घ्या.

मापानंतरचा आकडा वजनाचा. १०२ म्हणजे एका टायरवर ८५० किलो. हा आकडा मूळ टायरइतका किंवा जास्तच हवा. विजेच्या गाड्या जड असतात, तिथे ह्यात तडजोड करायचीच नाही. त्यापुढचं अक्षर वेगाचं: स्नो टायरला 'टी' म्हणजे ताशी १९० किमी, ते पुरेसं आहे. शेवटी 'डॉट' ह्या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे पाहा: ३८२४ असेल तर २०२४ चा ३८ वा आठवडा. दोन-तीन वर्षं दुकानात पडून असलेला टायर सवलतीत मिळत असेल तर त्याचं आयुष्य तेवढं कमी झालेलं आहे हे धरून भाव करा.

वेगळ्या रिम घ्याव्यात का? घ्याव्यातच. एकाच रिमवर वर्षातून दोनदा टायर चढवायचे-उतरवायचे तर दर वेळी मजुरी आणि बॅलन्सिंगचा खर्च येतो, शिवाय टायरची आतली कड खराब होते. साध्या लोखंडी रिम दोन-तीन हिवाळ्यांत वसूल होतात. रिम घेताना तीन मापं जुळवायची. नटांची संख्या आणि ते ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास, उदाहरणार्थ ५ नट आणि ११४.३ मिलिमीटर. मधल्या भोकाचा व्यास: होंडाच्या बऱ्याच गाड्यांत ६४.१, टोयोटात ६०.१, नव्या सुबारूत ५६.१ मिलिमीटर, रिमचं भोक मोठं असेल तर मधे प्लास्टिकची रिंग बसवावी लागते, नाहीतर ताशी ९० किमीला स्टिअरिंग थरथरायला लागतं. आणि तिसरं, जिथे सर्वांत जास्त चूक होते, ते नटाचं बूड. होंडाच्या मूळ रिमना गोल बुडाचे नट लागतात, बाहेरच्या बहुतेक रिमना शंकूसारखे. गोल बुडाचा नट शंकूच्या खळग्यात घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण टेकतो तो केवळ एका बारीक कडेवर. शंभरेक किलोमीटरमध्येही तो सैल पडू शकतो. नट बोटांत धरून त्याचं बूड आणि रिमचा खळगा समोरासमोर ठेवून पाहा. डोळ्यांना लगेच कळतं.

टायर चारच घ्यायचे. दोनच घेऊन पुढे लावले, तर ब्रेक दाबल्यावर पुढचा भाग थांबतो आणि मागचा घसरत पुढे यायला बघतो, गाडी स्वतःभोवती फिरते. मागेच लावले तर वळायला सांगितलं तरी गाडी सरळ जाते.

घरी बसवताना

जागा सपाट आणि कडक हवी. हँडब्रेक ओढा, गिअर पार्कमध्ये टाका, उचलायच्या चाकाच्या तिरकस समोरच्या चाकाला विटा लावा. गाडी जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा सैल करा. जॅकवर उचललेल्या गाडीच्या नटावर जोर लावणं म्हणजे अपघाताला आमंत्रण. जॅक पुस्तिकेत दाखवलेल्या खाचेतच लावा.

रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या प्रदेशात चाक हबला (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाला) गंजून चिकटलेलं असतं. नट पूर्ण न काढता दोन फेरे आट्यांवर तसेच ठेवून टायरच्या कडेवर आळीपाळीने दोन्ही बाजूंनी रबरी हातोडा मारा, सुटतं. मग तारेच्या ब्रशने हबचा दर्शनी भाग चकचकीत होईपर्यंत घासा. गंजाचा एक पापुद्रा मधे राहिला तरी चाक वाकडं बसतं आणि पुढे नट ढिले होतात. हबवर गंजरोधक पेस्टचा अगदी पातळ हात चालेल, पण ती बोल्टच्या आट्यांना लागू देऊ नका. निसरड्या आट्यांमुळे पाना तोच आकडा दाखवतो आणि बोल्ट मात्र प्रमाणाबाहेर ताणला जातो.

टायरच्या कडेवर बाण असेल तर तो पुढे फिरण्याच्या दिशेने यायला हवा. सगळे नट आधी हाताने किमान चार-पाच फेरे लावा, मग चांदणीच्या क्रमाने, म्हणजे एक सोडून समोरचा, असे आवळा. गाडी खाली घ्या आणि टॉर्क पान्याने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) शेवटचं आवळा: होंडाच्या बऱ्याच गाड्यांना १०८ न्यूटन-मीटर, टोयोटाला १०३, सुबारूला १२०, तुमच्या गाडीचा आकडा पुस्तिकेत पाहा. ८० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पाना लावा. हे दुसऱ्यांदा आवळणं लोक सर्रास विसरतात. नवे टायर पहिले ३००-५०० किमी सांभाळून चालवा, साच्यातला तेलकट थर झिजायला तेवढं लागतं.

हवा

तापमान साधारण साडेपाच अंशांनी उतरलं की टायरचा दाब १ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) घटतो. गरम गॅरेजमध्ये २० अंशांना ३३ पीएसआय भरलात आणि गाडी उणे १५ ला बाहेर उभी राहिली, तर सकाळी तिथे २७ च्या आसपासच असतात. म्हणून हवा बाहेर, थंड टायरमध्ये, दारावरच्या पट्टीप्रमाणे भरा आणि महिन्यातून एकदा मोजा. 'बर्फात हवा थोडी कमी ठेवावी, पकड वाढते' हा सल्ला वाळूवरून उचललेला आहे. रस्त्यावर कमी हवेने खाचा मिटतात आणि खड्ड्यात रिम वाकते.

अमेरिकेत २००८ च्या मॉडेलपासून दाबाची सूचना देणारी यंत्रणा सक्तीची आहे. दाब पट्टीपेक्षा २५ टक्क्यांनी उतरला की पिवळा दिवा लागतो. काही गाड्यांत प्रत्येक चाकात सेन्सर असतो, नव्या रिमनाही तो बसवून गाडीला ओळख करून द्यावी लागते. होंडासारख्या अनेक गाड्या चाकाच्या वेगावरून अंदाज घेतात, तिथे सेन्सर लागत नाही. हवा भरून झाली की मेनूतून फक्त कॅलिब्रेट करायचं.

एडब्ल्यूडी असेल तर एक जादा पथ्य

चारही टायर सारखे झिजलेले हवेत. एक चाक थोडं लहान असलं की ते सतत जास्त फेरे घेतं आणि पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारं मधलं यंत्र (क्लच किंवा डिफरेन्शियल) समजतं की चाक घसरतंय. तासन् तास महामार्गावर हे चाललं की ते तापून निकामी होतं, आणि तो खर्च चार टायरांच्या किमतीच्या कितीतरी पुढे जातो. सुबारू परिघातला फरक पाव इंचापेक्षा, म्हणजे सव्वासहा मिलिमीटरपेक्षा कमी ठेवायला सांगते. त्यामुळे दर आठ-दहा हजार किलोमीटरला चाकं पुढेमागे फिरवा. एकच टायर फाटला तर नवा टायर बाकीच्यांइतका तासून देणारी दुकानं अमेरिकेत आहेत; चौकशी करा, तीन चांगले टायर फेकावे लागत नाहीत.

नव्या स्नो टायरच्या खाचा ८-९ मिलिमीटर खोल असतात. ४ वर आल्या की बर्फापुरतं त्याचं आयुष्य संपलं, कायदा काहीही म्हणो. ब्लिझॅकमध्ये अर्धी झीज दाखवणाऱ्या वेगळ्या खुणाही असतात. त्या टेकल्या की तो पुढच्या हिवाळ्याला ठेवायचा नाही.

कायदा कुठे काय म्हणतो

कॅनडाच्या क्युबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च डोंगर-हिमकणाचे टायर सक्तीचे आहेत. तिथल्याच ब्रिटिश कोलंबियात बहुतेक डोंगरी महामार्गांवर १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल, किमान ३.५ मिलिमीटर खाच. तिथे 'एम-एस' चालतात. ओंटारियोत सक्ती नाही, पण २०१६ पासून विमा कंपन्यांना स्नो टायरवर सवलत द्यावी लागते. ती आपणहून मागा. जर्मनीत तारीख नाही, रस्ता बर्फाळ असेल तर हिवाळी टायर हवेतच, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून नुसते 'एम-एस' बाद झाले. ६० युरो दंड आणि परवान्यावर एक दोषांक. कॅलिफोर्नियात डोंगरातल्या ताहो सरोवराकडे जाताना फलक पाहा: 'आर २' असेल तर स्नो टायरवाल्या एडब्ल्यूडीला टायरभोवती बसवायच्या लोखंडी साखळ्या न लावता सोडतात, पण त्या गाडीत असायला हव्यात, 'आर ३' ला कोणालाच सूट नाही. न्यू जर्सीत टायरची सक्ती नाही, मात्र टपावरचा बर्फ न काढता निघालात तर दंड होतो आणि तो उडून कोणाला इजा झाली तर दंड हजार डॉलरपर्यंत जातो.

अमेरिकेत कोलोरॅडोतल्या डेन्व्हरला उतरून भाड्याची एसयूव्ही घेणाऱ्यांनी चावी घेण्याआधी टायरच्या कडेवरचं चिन्ह बघावं. 'एडब्ल्यूडी आहे' म्हणून दिलेल्या गाडीला अनेकदा झिजलेले ऑल सीझन असतात, आणि साखळ्या लावायला भाडेकरारात मनाई असू शकते.

चालवताना

निघण्याआधी सगळ्या काचा, टप, दिवे आणि मागचा कॅमेरा साफ करा. गाडी बर्फात रुतून उभी असेल तर आधी सायलेन्सरचं तोंड मोकळं करा. ते बुजलेलं असताना इंजिन चालू ठेवलं तर विषारी कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरतो. काच धुण्याचं पाणी उणे चाळीसपर्यंत न गोठणारं भरा. बॅटरी चार-पाच वर्षांची असेल तर नोव्हेंबरातच तपासून घ्या, उणे १८ ला तिची ताकद निम्म्यावर येते.

पुढच्या गाडीपासून आठ-दहा सेकंदांचं अंतर ठेवा. वेग, ब्रेक, वळण ह्यांतली एका वेळी एकच गोष्ट टायरकडून मागा: वळणाआधी सरळ रेषेत ब्रेक, मग पाय सोडून वळण, बाहेर पडताना हलका वेग. पूल आधी गोठतात, कारण खालूनही थंड हवा लागते. मीठ साधारण उणे नऊच्या खाली फारसं काम करत नाही, त्यामुळे कडाक्याच्या थंडीत मीठ टाकलेल्या रस्त्यावरही भरवसा नको.

एबीएसची, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची, ओळख मोकळ्या पार्किंगमध्ये करून घ्या. ताशी ३० किमीला ब्रेक पूर्ण दाबा. पेडल तळपायाखाली धडधडतं, खालून खडखड आवाज येतो. पहिल्यांदा अनुभवणारा घाबरून पाय उचलतो आणि तिथेच चुकतो. पाय दाबूनच ठेवायचा, एबीएसमुळे स्टिअरिंग तुमच्या हातात राहतं.

पुढची चाकं घसरून गाडी वळेनाशी झाली तर स्टिअरिंग अजून पिळू नका. वेगाचा पाय काढा, स्टिअरिंग थोडं सरळ करा, पकड परत येण्याची वाट पाहा. मागचा भाग निसटला तर जिथे जायचंय तिकडे नजर ठेवून तिकडेच स्टिअरिंग वळवा. विजेच्या गाडीत पाय उचलताच मोटर ब्रेकसारखी ओढते, आइसवर तेवढ्यानेही चाकं सुटू शकतात. ह्या ओढीला रीजन म्हणतात; ते सर्वांत कमी ठेवा.

रुतल्यावर वेग वाढवत राहणं हा सर्वांत वाईट उपाय. फिरणाऱ्या चाकाखालचा बर्फ वितळतो, गोठतो आणि काचेसारखा होतो. फावड्याने चाकांपुढचा-मागचा आणि पोटाखालचा बर्फ काढा, स्टिअरिंग सरळ करा, ट्रॅक्शन कंट्रोल (चाक घसरलं की ताकद कमी करणारी यंत्रणा) तात्पुरतं बंद करा, वाळू टाका आणि हलक्या पायाने पुढे-मागे झुलवा. चाक फिरत असेल तर काटा ताशी ५५ किमीच्या पुढे नेऊ नका: एकच चाक फिरत असताना त्याचा खरा वेग काट्याच्या दुप्पट असतो, टायर फुटू शकतो. सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स असेल तर दोन-चार मिनिटांत थांबून त्याला थंड होऊ द्या.

मनाली-लाहौलला जाणाऱ्यांसाठी

भारतात खरे स्नो टायर सहज मिळत नाहीत, त्यामुळे पुण्या-मुंबईहून जाणाऱ्यांचा भरवसा साखळ्यांवर. सोलंगच्या पुढे ९.०२ किमीच्या अटल बोगद्याकडे जाताना बर्फ पडला की पोलीस फोर बाय फोर किंवा साखळ्या लावलेल्या गाड्याच पुढे सोडतात. थारची फोर बाय फोर आवृत्ती आणि जिम्नी दोन्ही पार्ट टाइम आहेत, वर सांगितलेलं कोरड्या डांबराचं पथ्य त्यांनाही लागू.

साखळी ताकद मिळणाऱ्या चाकांना लावायची. चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत कोणत्या जोडीला, हे पुस्तिका सांगते. माप टायरच्या मापाशी जुळवून घ्या आणि एकदा घरी, कोरड्यात, लावून पाहा. पसरून टायरवर टाका, आतला हूक आधी, मग बाहेरचा, मग ताण द्या. शंभर मीटर चालवून थांबा आणि पुन्हा ओढा, ती हमखास सैल झालेली असते. ताशी ५० किमीच्या वर जाऊ नका. बर्फ संपला की लगेच काढा, नाहीतर तुटलेली कडी मडगार्ड फाडते. डिझेल गाडी असेल तर सपाटीवरून भरून नेलेल्या टाकीवर विसंबू नका, कडक थंडीत ते गोठून फिल्टर तुंबवतं. उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल इंडियन ऑइलने २०१९ पासून लडाखमध्ये उपलब्ध केलं आहे.

एप्रिलात उतरवताना

स्नो टायर उन्हाळ्यात चालवले तर मऊ रबर भराभर झिजतं आणि गरम रस्त्यावर थांबायलाही जास्त अंतर लागतं. सकाळ ७ अंशांच्या वर स्थिरावली की उतरवा. उतरवण्याआधी खडूने आतल्या बाजूला खूण करा: पुढचं डावं, मागचं उजवं. मीठ धुऊन काढा, पूर्ण वाळवा, खाचांतले खडे उपटा, एकेका जाड पिशवीत घालून तोंड बांधा. रिमवर असतील तर आडवे एकावर एक रचा किंवा टांगा; नुसते टायर असतील तर उभे ठेवा आणि महिन्यातून एकदा फिरवा. जागा थंड, अंधारी हवी आणि घर तापवणाऱ्या फर्नेसपासून लांब: त्याच्या मोटरच्या ठिणग्यांतून तयार होणारा ओझोन रबराला बारीक तडे पाडतो. नट त्याच रिमच्या पिशवीत, डबीत बंद करून ठेवा.